गायरानाची येळवस

आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. दर अमावस्येला घुमायची आणि कोणाकडून कोंबडी, कोणाकडून लुगडं मागायची. एकदा मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "देवी आली तर येऊ दे, पण तिला माझीच कोंबडी कशी काय ठाव?" तेव्हापासून ती माझ्यासमोर कधी घुमली नाही. माझा नवरा गेला तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. लोक उन्हात ताटकळत उभे… मी म्हटलं, त्याचं पोट भरलं असेल, चला घरी. मी ही अशी बाई आहे. इथं लोक जे अनुभव लिहितात ते माझी नात मला मोबाईलवर वाचून दाखवते, आणि निम्म्यांवर मी हसते. आता तुम्ही माझ्यावर हसा.

आमचं गाव निलंगा तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या शिवेला. निलंग्याहून एसटी येते, फाट्यावर सोडते, पुढं पायी. गावाच्या उत्तरेला तांबड्या मुरमाचा माळ आहे, ते आमचं गायरान. गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही नावं बदलली आहेत, कारण सगळी जिवंत आहेत आणि मला त्यांच्यातच राहायचं आहे.

तीनेक वर्षांमागं पाऊस सरता सरता एक संस्था गावात आली. ग्रामपंचायतीशी बोलून त्यांनी गायरान सुधारायचं काम घेतलं, आणि त्यासाठी कॉलेजची तीन पोरं पाठवली. हंगामापुरती, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत. त्यांना इंटर्न म्हणतात. गावात आम्ही 'माळाची पोरं' म्हणायचो. माझी पुढची खोली रिकामी होती, ती त्यांना दिली, आणि भाकरीही माझ्याकडंच. तिघांत एक संकेत, भोकरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, तोंडानं वटवट्या. एक ऋतुजा, लातूरची, आधी उन्हाला भ्यायची, नंतर नाही. आणि तिसरी निलोफर. देगलूरची. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

पहिल्याच आठवड्यात माझं आणि तिचं वाजलं. गायरानाचा खालचा भाग चराईला बंद केला होता. गवत कापून न्या, पण जनावर सोडू नका, असा ग्रामसभेचा ठराव. ठराव ऐकायला मी गेले नव्हते, माझ्या शेळ्याही गेल्या नव्हत्या. त्यांनी आपली रोजची वाट धरली. दुपारी बघते तर ही पोरगी दोन्ही शेळ्यांना दावं लावून माझ्या दारात उभी.

"आज्जी, शेळ्या तुमच्याच ना?"

"मग काय तुझ्या बापाच्या?"

"माझा बाप गाद्या भरतो आज्जी, त्याच्याकडं शेळ्या न्हाईत. ह्या बंद पट्ट्यात घुसल्या होत्या."

"मुकं जनावर हाय ते. त्याला काय वाचता येतंय?"

"त्यांना न्हाई. तुम्हाला येतंय की."

मी दार लावून घेतलं. माझ्याच खोलीत राहते, माझीच भाकरी खाते आणि माझ्याच शेळ्या धरून आणते! थोड्या वेळानं पुन्हा कडी वाजली. ही डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी. हाताला चरे पडलेले, नवखी होती विळ्याला. म्हणाली, "माझ्यामुळं त्यांची दुपार चुकली. आजचं मी कापलंय. उद्यापास्नं तुम्ही कापायचं."

मी दुसऱ्या दिवशी विळा घेऊन गेले. लाजेनं नाही, बघायला गेले की ही किती दिवस टिकते.

टिकली. मी माणसाला सहसा चांगलं म्हणत नाही, पण त्या पोरांचं काम बघून मला तोंड बंद ठेवावं लागलं. माळावर घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली होती, ती मुळासकट काढली. कुसळी गवताला बी धरायच्या आत कापायचं, आणि पवना, मारवेल या चाऱ्याच्या चांगल्या गवतांचं बी हातानं ओरबाडून पिशवीत भरायचं. उताराला आडवे चर खणले, घळीत दगडाचे बांध घातले. गावच्या बायका मजुरीला असायच्याच, पण दगड उचलताना निलोफर बाजूला उभी राहून सांगत बसली नाही. उजाडता उजाडता माळावर जाऊन टिटव्या अंड्यांवर कुठं बसल्यात ते बघायची आणि तेवढ्या जागेला दगडांचं कडं करून ठेवायची, कोणाचा पाय पडू नये म्हणून. संकेत तिला चिडवायचा, "टिटव्यांची सरपंच." ती म्हणायची, "सरपंच न्हाई रे, कोतवाल."

आता बळीरामचं सांगते. बळीराम माझा चुलत दीर. वाईट माणूस नाही, पण हाताला लागलेलं सोडणारा नाही. गायरानाच्या वरच्या अंगाला, जिथून ओढा सुरू होतो, तिथली चारेक एकर जमीन त्यानं कधीची नांगरून घेतली होती. दरवर्षी थोडं थोडं करत. गावाला माहीत होतं, पण भावकी मोठी, बोलणार कोण? मीही बोलले नव्हते.

निलोफरनं एक दिवस मला चरापाशी नेलं. पाऊस होऊन गेला होता. चर गाळानं भरून गेलेला. ती म्हणाली, "बघा आज्जी. वरचं रान नांगरलेलं हाय, तिथली माती वाहून हिथं बसती. आम्ही खाली किती बी खणलं तरी पाणी मुरायचं न्हाई. वरचं सुटलं तर खालचं जगंल."

"आणि न्हाई सुटलं तर?"

तिनं हातानं कडेला दाखवलं. बळीरामच्या पट्ट्याला लागून तीन ठिकाणी नवे दगड रोवलेले. "हे त्यांचं बघून दुसऱ्यांनी लावलेत. ते पेरतात तर आपण का नको, म्हणून. ह्या उन्हाळ्यात हे नांगर घालतील. मग पुढच्या हंगामाला येणाऱ्या पोरांना काम करायला गायरानच राहणार न्हाई."

मोजणी झालेली होती. सरकारी माणसं येऊन खुणा रोवून गेली होती. बळीरामनं त्या खुणा उपटून टाकल्या. निलोफर त्याच्या घरी गेली, एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा पाणी, तिसऱ्यांदा काहीच नाही. ग्रामपंचायतीत गेली तर सगळे म्हणाले, बघू. मी तिला म्हटलं, "सोड. तू हंगामाची पाव्हणी. तुझं सर्टिफिकेट घे अन् जा." ती भाकरी अर्धी ठेवून उठली. अन्न टाकणारी पोरगी नव्हती ती.

मग येळवस आली. बाहेरच्यांना सांगायला पाहिजे, वेळा अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. लातूरकडचा आणि शिवेपलीकडचाही मोठा सण. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळी माणसं आपापल्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. मग बिंदगीत, म्हणजे लहानशा मडक्यात, आंबील घेऊन शेताच्या चारी बाजूनं शिंपत जायचं. पुढचा माणूस आरोळी देतो, "ओलगे ओलगे!" मागचे ओ देतात, "सालम पलगे!" मग जेवण. भाज्या-शेंगांची कालवणासारखी भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातलं आंबील. त्या दिवशी शेतात आलेल्या माणसाला, मग तो वैरी असो, जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

आदल्या दिवशी मी आंबील घालत होते. निलोफर शेंगा सोलत होती. एकदम म्हणाली, "आज्जी, गायरानाची येळवस कोण करतं?"

मी हसले. "गायरान कुणाच्या बापाचं हाय? ज्याचं शेत त्याची येळवस."

"सगळ्यांचं हाय ना?"

"सगळ्यांचं म्हणून तर कुणीच करत न्हाई."

"मग उद्या आपण करू," ती म्हणाली. "मोजणीच्या हद्दीनं पूर्ण फिरायचं. आंबील शिंपत."

माझा हात तसाच पिठात राहिला. मला तिचा डाव समजला. मोजणीची हद्द म्हणजे बळीरामच्या उभ्या ज्वारीतून. कागदावरची हद्द आमच्या गावानं मानली नव्हती, पण आंबील जिथनं फिरलं ते शेत त्या फिरणाऱ्याचं, हे शेंबडं पोरगं पण जाणतं. सगळ्या गावाच्या नावानं आंबील फिरलं, तर पुढं बळीरामला तोंड वर करून माझं म्हणता आलं नसतं. आणि तो हे होऊ देणार नाही, हेही मला समजलं.

"बिंदगी कोण धरणार?" मी विचारलं. "सरपंच?"

"विचारलं. त्यांचा गुडघा दुखतोय म्हणे."

"पोलीस पाटील?"

"त्यांच्या बायकोचा गुडघा दुखतोय."

संकेत खो-खो हसला. निलोफर नाही हसली. "मीच धरते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेतातली पूजा उरकून मी माळावर गेले. का गेले? आरोळीचा ठेका त्या पोरांना येत नव्हता. आणि खरं सांगायचं तर काय होतं ते बघायचं होतं. माझ्याबरोबर शेजारची सुमन आली, तिला कुठंही गर्दी दिसली की जायला लागतं. गर्दी म्हणजे आम्ही पाच जणं! पुढं निलोफर, कमरेवर बिंदगी, हातात हरभऱ्याचा डहाळा, त्यानं आंबील शिंपत. मागं आम्ही. संकेतच्या एका हातात हद्द दाखवणारा मोबाईल आणि दुसऱ्या हातातल्या ऋतुजाच्या मोबाईलवर तो व्हिडिओ काढत होता.

ऊन चांगलं वर आलं होतं. खालची बाजू झाली, ओढ्याकडची झाली. पोरगी "ओलगे ओलगे" म्हणायची, आम्ही "सालम पलगे". आधी लाजत, मग मोठ्यानं. सुमन तर नाचायचीच राहिली होती. असं करत आम्ही बळीरामच्या ज्वारीपाशी आलो.

ज्वारी निसवलेली, कणसं माणसाच्या डोक्याच्या वर. आत काय आहे ते दिसत नाही. आणि बांधावर बळीराम उभा. हातात विळा होता, पण तो कणसं खुडायला आणलेला असेल, मी खोटं सांगणार नाही.

"वैनी," तो माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्या पोरीला सांगा, हितनं खाली वळायचं. ज्वारीत पाय टाकला तर मी सण बघणार न्हाई."

मी म्हटलं, "तिला कान हायत. तूच सांग."

"मामा," निलोफर म्हणाली, "आंबील संपंस्तोवर चालायचं असतं म्हणे. अजून अर्धी बिंदगी हाय."

"तुला कुठली गं येळवस? तुझ्या घरी करतेत का?"

"आमच्या घरी शेतच न्हाई मामा. दरवर्षी दुसऱ्याच्या कोपीत जेवलो. हे एक सगळ्यांचं हाय म्हणून म्हटलं, आपली पण एक येळवस हुईल."

"सगळ्यांचं म्हंजे कुणाचंच नसतंय. वीस वर्षं घाम गाळलाय म्या हितं. तू चार म्हयन्याची पाव्हणी. चल वळ!"

शेवटचा शब्द त्यानं असा काही ओरडला की ऋतुजा दोन पावलं मागं सरकली. सुमननं माझा पदर ओढला, "चला माय, घरला जाऊ." संकेतची वटवट बंद. आणि मी? माझे पाय जमिनीला चिकटले होते. एकाच भावकीतले आम्ही. उद्या त्याच्याच दारावरून पाण्याला जायचं.

निलोफर आमच्याकडं वळली नाही. ज्वारीकडं तोंड करून तिनं आरोळी दिली, "ओलगे ओलगे!"

आमच्यातल्या कोणीही तोंड उघडलं नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण माझी जीभ टाळ्याला चिकटलेली मला आठवते.

आणि ज्वारीतून ओ आली. "सालम पलगे!"

एकाची नाही. लई माणसांची. बाप्ये, बाया, लेकरं. लांब रांग असली की मागची माणसं जराशी उशिरा ओ देतात, आवाज ओढला जातो… तसा. पुढून सुरू झाला आणि वर ओढ्याच्या तोंडापर्यंत जात राहिला. एकही कणीस हललं नाही. बळीरामच्या पाठीमागून आला तो आवाज. तो गर्रकन वळला, आणि त्याचं तोंड मला दिसेना, पण मान दिसली. मानेवरचे केस उभे राहिलेले मी माणसाच्या अंगावर पहिल्यांदा बघितले.

निलोफर चालायला लागली. त्याच्या बाजूनं, बांध ओलांडून, सरळ ज्वारीत. डहाळा बिंदगीत बुडवायची, शिंपायची. आतून पुन्हा तिची आरोळी, "ओलगे ओलगे!" पुन्हा ओ आली, आता जवळून, आमच्या दोन्ही बाजूंनी. तेव्हा कुठं माझे पाय सुटले. मी आत शिरले, मागं बाकीची. तिसऱ्या आरोळीला आम्हीही ओ दिली. पण आमचा आवाज त्यात असा मिसळला की माझा मला ओळखू येईना.

आम्ही पलीकडं निघालो तेव्हा कोणीही नव्हतं. वर ओढ्याची घळ, त्यापुढं बाभळी. मागं बळीराम ताटं बाजूला सारत सगळं रान फिरत होता. एक ताट मोडलेलं नव्हतं, आम्ही गेलो तेवढी वाट सोडून.

पलीकडच्या बांधाला त्याची कोप होती. त्याची बायको कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी. आम्हाला बघून म्हणाली, "अगं बाई, एवढीच हाव का तुम्ही? मला वाटलं सारं गाव आलं. कालवा ऐकून भज्जीत दोन तांबे पाणी घातलं की म्या!"

बळीराम ज्वारीतून बाहेर आला. विळा हातात नव्हता, कुठं टाकला कोण जाणे. आमच्याकडं न बघता बायकोला म्हणाला, "पानं वाढ." आम्ही जेवलो. भज्जी पातळ झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, येळवसला सगळं रान माणसांनी भरलेलं असतं, आवाज येणारच. मीही तेच म्हटलं. म्हणून मी आसपासच्या प्रत्येकाला जाऊन विचारलं, त्या वेळेला तुम्ही कुठं होता? सगळे आपापल्या कोपीत जेवायला बसलेले. बळीरामच्या पट्ट्याच्या वर तर शेतच नाही. शिवेपलीकडून म्हणावं तर त्यांची आरोळी कानडीत, शब्द वेगळे. संकेत म्हणाला प्रतिध्वनी असेल. तर मी त्याला घेऊन पुन्हा तिथं गेले, घसा बसेपर्यंत दोघं ओरडलो. आवाज परत आला नाही, एक व्हलाही घाबरून उडाला नाही. गावातला एक शहाणा म्हणाला, तिथं पूर्वी गाव होतं, ते उठलं. त्या पोरांनी सगळा माळ खणून काढला होता, एक खापर सापडलं नाही. गाव कुठलं!

आणि व्हिडिओ. तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला, कानांनी ऐकला. त्यात बळीराम ओरडतो, निलोफर आरोळी देते, आणि मग ती आत शिरते तसा नुसता ज्वारीचा सळसळ आवाज. थोड्या वेळानं माझा, "माय गं!" तिथं व्हिडिओ तुटतो. मोबाईलला ते ऐकू आलं नाही. आम्हा चौघांना आलं, बळीरामला आलं, कौसाबाईला पार पलीकडं आलं.

बळीरामनं ती ज्वारी काढली. पण उन्हाळ्यात सगळीकडं ट्रॅक्टर फिरले तेव्हा ते चार एकर तसेच पडून राहिले, धसकटांसकट. शेजारचे तीन दगडही एकेक करून गेले, कोणी काढले कोणी सांगेना. एक दिवस दुपारचा बळीराम माझ्या दारात आला. उंबऱ्यावर बसला.

"का रे, नांगर मोडला का?" मी म्हटलं.

"वैनी, एक विचारू? त्या दिवशी… तुम्हाला आप्पा ऐकू आले का?"

आप्पा म्हणजे त्याचे वडील, माझे चुलत सासरे. जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या काळात गावाची येळवसची पहिली आरोळी तेच द्यायचे.

"मला कसं कळणार?" मी म्हटलं. "आप्पांसमोर मी जन्मभर पदर घेऊन, मान खाली घालून वावरले. त्यांचा आवाज ओळखावा एवढं माझ्याशी कोण बोललं?"

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पहिल्यांदा आप्पाच होते," म्हणाला. "मग बाकीचे." आणि उठून गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. त्या चार एकरात आता पवना गवत आहे, आणि कापायच्या वेळेला सगळ्यांच्या बरोबर बळीरामही विळा घेऊन येतो. एक भारा नेतो, जास्त नाही.

मी हे लिहायला का बसले, ते सांगते. गावात आता सगळे म्हणतात, देवानं गायरान सोडवलं. ज्वारीच्या जागी दगड मांडून शेंदूर लावायचंही चाललं होतं, मी आडवी पडले म्हणून राहिलं. तिसऱ्या हंगामाची पोरं आली आता माळावर, त्यांनाही लोक देवाचीच गोष्ट सांगतात. निलोफरचं नाव कोणी घेत नाही.

हंगाम संपला तेव्हा मी तिला फाट्यावर सोडायला गेले होते. एसटीला उशीर होता. लिंबाच्या सावलीत बसलो होतो. मी विचारलं, "निलू, त्या दिवशी ज्वारीत तुला कुणाकुणाचा आवाज आला गं?"

ती हसायला लागली. "आज्जी, तुम्ही पण? संकेत त्याच संध्याकाळी सांगत होता, मला वाटलं चेष्टा करायलाय."

"तुला ओ ऐकू आली न्हाई?"

"न्हाई ओ. ज्वारीपाशी पहिल्या दोन आरोळ्या दिल्या, अन् मागं सगळं गप्प. तुमच्यातलं कुणीच बोललं न्हाई. मला वाटलं, गेले सगळे."

"मग वळून बघायचं होतंस की."

"वळले असते अन् खरंच कुणी नसतं तर?" ती म्हणाली. "मग माझे पाय थांबले असते."

मी आणखी जोर करून तिला काही सांगितलं नाही. एसटी आली, ती पिशवी घेऊन चढली, खिडकीतून ओरडली, "शेळ्या सोडू नका!" आता दुसऱ्या जिल्ह्यात कुठल्याशा माळावर कामाला लागली आहे म्हणे.

ते आवाज कोणाचे होते, मोबाईलला आणि तिलाच का ऐकू आले नाहीत, मला सांगता येत नाही. कोणाला सांगता आलं तर सांगा, पण कोंबडी मागू नका. मला एवढंच माहीत आहे, की बळीराम मागं सरला तो आवाज ऐकून, आणि आम्ही चौघं पुढं गेलो तेही आवाज ऐकून. ती आमच्या सगळ्यांच्या आधी निघाली होती, आणि तिनं काहीच ऐकलं नव्हतं.